खाडीतली वेचणी

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "समुद्र कसा हाय गं?" मला धड उत्तर देता येत नाही. सहा दिवस मी कोकणात होते, पण त्यातला बराचसा वेळ मान खाली घालून खाडीच्या चिखलाकडे बघण्यात गेला. समुद्र पाठीमागे होता. त्याचा आवाज यायचा, एवढंच. तेव्हा समुद्राविषयी वाचायला मिळेल या आशेनं कुणी हे हातात घेतलं असेल तर आधीच माफी मागते. माझ्याकडे सांगायला आहे ते एका खाडीविषयी, तिथल्या कालवांच्या पिल्लांविषयी आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी.

कालव म्हणजे खाडीत खडकाला चिकटून राहणारा शिंपल्यातला जीव. आपल्या गोदावरीत, मांजरेत शिंपले सापडतात, ते वाळूत हळूहळू सरकत राहतात. कालवाचं तसं नाही. जन्मल्यावर काही दिवस ते डोळ्यांना दिसणारही नाही एवढं बारीक असतं आणि पाण्यात तरंगतं. मग एखादी टणक, स्वच्छ जागा शोधतं आणि तिथं चिकटतं. एकदा चिकटलं की मरेपर्यंत तिथून हलत नाही. जागा चुकली, तर दुसरी संधी नाही. पावसाळा संपून खाडीचं पाणी पुन्हा खारं झालं की ही जागा धरण्याची धांदल सुरू होते. म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो.

आम्ही म्हणजे मी आणि रुबिना. मी अर्धापूरजवळच्या एका खेड्यातली, सध्या लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. रुबिना हिमायतनगरची. तिच्या अब्बांचं तिथं शिवणकामाचं दुकान आहे, आजोबांपासून चालत आलेलं. ती नांदेडला शिकवते. एमएस्सीला आम्ही दोघी एका बाकावर होतो आणि दोघींच्याही घरात कॉलेजची पायरी चढणाऱ्या आम्ही पहिल्याच. आम्हाला प्राणिशास्त्र शिकवणारे सर आता निवृत्त आहेत. दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला.

"तुम्ही दोघींनी परीक्षेत कालवावर चार-चार पानं लिहिली होती. मीच तपासली होती. कालव पाहिलंय का कधी?"

"चित्रात पाहिलंय, सर."

"मग जा. तिथं माझा मित्र काम करतोय, त्याला मोजायला माणसं हवी आहेत. राहायची सोय एका बाईंच्या घरी आहे."

सरांचे उपकार तसे मोजण्यापलीकडचे आहेत. फी भरायची मुदत संपत आली की ते नेमके आमच्या वर्गाबाहेर उभे दिसायचे. या फोनसाठीही मी त्यांची ऋणी आहे, जरी पुढं त्या खाडीकाठी एका दुपारी मला वाटलं होतं, की त्यांनी तो केला नसता तर बरं झालं असतं.

केळी, पीठ आणि पाण्याची पाळी

नांदेडच्या स्टेशनवर माझे वडील, आबा, केळीची फणी घेऊन आले होते. "कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं न्हाई." केळी कच्ची होती, प्रवासात टिकावीत म्हणून. रुबिनाच्या अम्मीनं पाच किलो ज्वारीचं पीठ दिलं होतं, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की तिकडे भाकरी मिळत नाही. पिठाची पिशवी केळ्यांवर ठेवली गेली. गाडीतल्या उष्म्यानं केळी एका रात्रीत पिकली आणि पिठाच्या वजनानं चेपली. दोन गाड्या बदलून, एस.टी.नं घाट उतरून आम्ही खाडीकाठच्या त्या घरी पोचलो, तेव्हा पिशवीच्या तळातून गोड रस गळत होता.

"येवा, येवा. ह्या काय हाडलास गो?" यशोदाकाकींनी पिशवीत डोकावलं. पन्नाशीच्या पुढच्या, काटकुळ्या, आणि दोन्ही हातांच्या बोटांवर बारीक बारीक पांढरे व्रण. कालवाची कड पात्यासारखी कापते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बोटांवरून कळलं.

"केळी होती, काकी," मी ओशाळून म्हणाले. "अर्धापूरची."

"होती नाय, आसत." त्यांनी तो लगदा परातीत काढला, तांदळाच्या पिठात गूळ घालून मळला आणि तासाभरात गरम घारगे आमच्या पुढ्यात आले. आबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई गुणाची दिसती."

काकींना नांदेड ठाऊक नव्हतं. "नांदेड खंय इला?"

"लई दूर, काकी. तेलंगणाच्या कडंला," रुबिना म्हणाली.

"थंय खाडी आसा?"

"न्हाई. गोदावरी हाय."

"मग कालवां?"

"न्हाईत."

"अरे देवा," काकी म्हणाल्या आणि आणखी एकेक घारगा आमच्या ताटात वाढला.

जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि कालवांचं सुकं होतं. रुबिनानं अम्मीला फोन लावला. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उसको पाँव है क्या?" "नै अम्मी." "मुंडी?" "नै." "तो नक्को, बेटा." रुबिनानं ताट सरकवलं आणि सोलकढी-भात खाल्ला. काकी हसल्या. शेजारच्या वाडीतल्या मुसलमान बायका कालवं त्यांच्याइतकीच चवीनं खातात, हे ऐकून रुबिनाला मोठं नवल वाटलं. मी एक कालव तोंडात टाकलं, न चावता गिळलं आणि चव विचारल्यावर "छान" म्हणाले. काकींना ते पटलं नाही.

त्या घरात घड्याळ होतं, पण त्याकडे कुणी बघत नसे. भरती-ओहोटी रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते आणि बायकांचा दिवस तिच्यामागे सरकतो. ओहोटीला ते सुकती म्हणतात. आज सुकती दोनला, उद्या तीनच्या आसपास, मग त्याप्रमाणे जेवण, धुणं, बाजार. आम्ही लातूरकर नळाला पाणी येण्याचा वार लक्षात ठेवून पाहुण्यांना बोलावतो, त्यामुळे मला हे लगेच समजलं. फरक एवढाच की इथं पाणी दिवसातून दोनदा येतं, कधी चुकत नाही, आणि पिता येत नाही.

बंद ठेवलेला कोपरा

त्याच संध्याकाळी काकींनी आम्हाला सगळं सांगितलं. त्यांच्या लग्नाच्या वेळी खाडीच्या या काठाला कालवांचा एकसलग थर होता. बायका टोकदार लोखंडी टोचणीनं कालवं फोडायच्या, गर वाटीत आणि शिंपा घरामागे. शिंपांचे डोंगर व्हायचे. मग गाडी यायची आणि ते डोंगर चुन्याच्या भट्टीकडे, कोंबड्यांच्या खाद्यासाठी घेऊन जायची. बरंच झालं, अंगण मोकळं झालं, असं सगळ्यांना वाटायचं. खाडीतून दरवर्षी शिंपा वर यायच्या आणि खाली एकही परत जात नसे. वरून वाळू उपसणाऱ्यांनी गाळ ढवळला, तो उरलेल्या खडकांवर बसला. गाळावर पिल्लू चिकटत नाही. हळूहळू बायकांना एका सुकतीत वाटीभर गर मिळेनासा झाला.

सरांचा मित्र त्या आठवड्यात दुसऱ्या खाडीवर होता, पण उपाय त्यानंच सुचवला होता. एक कोपरा वर्षभर बंद ठेवायचा आणि तिथं जुन्या शिंपा पसरायच्या. गावात बारा घरं कालवांवर होती. काकींनी बाराही घरांचे उंबरे झिजवले. कुणी हो म्हटलं, कुणी तोंड फिरवलं. सगळ्यात कडक होत्या त्या पार्वतीबाई, पलीकडच्या घरातल्या. त्या म्हणाल्या होत्या, "एक वरस. त्रिपुरी पुनवेच्या दुसऱ्या दिवसाक मोठी सुकती. त्या दिवशी सगळ्यांनी जावन बघायचा. पोरां धरली नसतली तर मी टोचणी घेवन उतरतलंय."

पौर्णिमा चार दिवसांवर होती. आम्ही मोजायला आलो होतो ते याच कोपऱ्यातल्या पिल्लांना.

"आणि न्हाई धरली तर?" मी विचारलं.

"तर मग माझा कोण ऐकतलो?" काकी म्हणाल्या. "परत कधीच बंद ठेवूचे नाय."

दुसरी सुकती

पहिल्या दिवशी आम्ही फक्त आखणी केली. रुबिनानं अब्बांच्या दुकानातली शिवणकामाची टेप आणि जाड दोरा आणला होता. काठ्या रोवून, दोरा ताणून तिनं जे चौकोन काढले ते असे की सदऱ्याचं माप घेतलंय. "अब्बा बोलते, दोरा ढिल्ला तो कपडा गया," असं म्हणत ती प्रत्येक कोपरा पुन्हा तपासायची.

दुसऱ्या दिवशी काकी बाजाराला गेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर कोपऱ्याचा वरचा अर्धा भाग उघडा पडला. खालचा अर्धा फक्त मोठ्या सुकतीलाच दिसतो. रुबिना एका टोकाला वही घेऊन बसली, मी दुसऱ्या टोकाला. माझ्या चौकोनात सगळा पसारा होता. मोडक्या, करड्या, चिखलानं माखलेल्या रिकाम्या शिंपा, एकमेकींवर वेड्यावाकड्या पडलेल्या.

आता माझ्या हातांविषयी सांगायला हवं. आमच्याकडे मृगाच्या आधी वावराची वेचणी असते. धसकटं, काड्या, दगड, सगळं वेचून बांधाला लावायचं. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून वेचलंय. शाळेला सुट्टी लागली की आधी वेचणी, मग खेळ. स्वच्छ, काळं, सपाट वावर बघितलं की आजही मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटतं. फक्त वरच्या माळाच्या तुकड्याला आबा हात लावू देत नसत. तिथं दगडच दगड. गावातले लोक हसायचे. मलाही वाटायचं, आबा कंटाळा करतात. कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या तेव्हा मी त्यांना त्या बाजूला नेलंच नव्हतं.

तर माझे हात आपोआप चालू लागले. आधी एका चौकोनातल्या शिंपा उचलल्या, मग दुसऱ्यातल्या. पिल्लांना जागा स्वच्छ हवी, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. टणक जागा हवी हेही लिहिलं होतं, पण ती जागा म्हणजे खडक, असंच माझ्या डोक्यात होतं. चित्रात खडक होता. काकींनी सांगितलेल्या, मुद्दाम पसरलेल्या शिंपा खालच्या, न दिसणाऱ्या भागात असतील असं मी धरून चालले; या तर खाऊन टाकलेल्या, वाहून आलेल्या शिंपा. काकी बाजारातून येतील तेव्हा कोपरा कसा लख्ख दिसेल, त्यांनी एवढं खाऊ घातलं त्याची थोडी तरी फेड होईल, असा विचार करत मी घमेली भरभरून काठावर नेत होते आणि तिथं जांभ्या दगडावर उन्हात त्यांचा बांध रचत होते.

"सवे, वावर साफ करून राहिली की काय?" रुबिनानं लांबून मला हाक मारली.

"हाव! मिरगाच्या आधी झालं पाहिजे!"

आम्ही दोघी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

तास-दीड तासानं काकी आल्या. त्या काठावर थांबल्या. बाजाराची पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही, ती हातातून सुटली.

"ह्या कोणी केल्यान?"

"मी, काकी," मी घाम पुसत म्हणाले. "सगळं साफ केलं."

त्यांनी बांधातली एक शिंप उचलली. माझा हात धरला आणि माझं नख त्या शिंपेच्या आतल्या बाजूवरून फिरवलं. "लागता काय हाताक?"

लागत होतं. तुरीच्या डाळीएवढं, कागदासारखं पातळ काहीतरी. मला तो चिखलाचा कण वाटला होता. शेजारी दुसरा. पलीकडे आणखी तीन.

"ती पोरां," काकी म्हणाल्या.

मी रचलेल्या त्या सरळ, देखण्या बांधात, तापलेल्या दगडावर, वर्षभर बारा घरांनी राखलेली पिल्लं वाळत पडली होती.

"रिकामी शिंप कधी रिकामी नसता गो. माझी आवस सांगी, कालवाची आई मरता, पण तिची मांडी रवता. पोर येवन थंयच बसता." एवढं बोलून त्यांनी पदर खोचला. "चल, उचल. पाणी चढता. रडाक मगे वेळ गावतलो."

आम्ही तिघी धावलो. रुबिनानं वही झुडपात फेकली. परत टाकायच्या तरी कशा? नुसत्या ओतल्या तर पिल्लं चिखलाखाली गुदमरतात. एकेक शिंप हातानं पसरायची, आतली बाजू गाळात रुतणार नाही अशी. घोट्याएवढं असलेलं पाणी गुडघ्याला लागलं. शेवटचं घमेलं घेऊन जाताना माझा पाय खडकावरच्या कालवावर पडला आणि टाच चिरली. खाऱ्या पाण्यात ती जखम कशी झोंबते ते सांगत नाही, पण त्या वेळी मला ते बरंच वाटलं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या लक्षात आली. बांधाच्या वरच्या शिंपा तापून कोरड्या झाल्या होत्या. पण ढिगाच्या पोटातल्या, एकीखाली एक दबलेल्या, अजून ओल्या आणि गार होत्या.

दोन दिवस वाट पाहण्याचे

काकींनी जखमेत हळद भरली, फडकं बांधलं आणि एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला कळलं की त्यांनी गावात कुणालाच सांगितलेलं नाही.

"का, काकी?"

"पावण्यांची चूक घरातच रवता."

"पण पिल्लं मेलेली निघाली तर पार्वतीबाई तुम्हालाच बोलतील."

"बोलांदेत."

त्या दुपारी मी अंगणात बसून आबांना फोन केला. सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. "आबा, मी शिकले कशाला? चार पानं लिहिली होती मी. सरांनी पूर्ण मार्क दिले होते."

आबांनी मला आधी रडू दिलं. मग म्हणाले, "सवे, वरच्या माळाला दगडं कामून ठिवलेत म्या, म्हाईत हाय का?"

"न्हाई."

"दगडाखाली वल ऱ्हाती. वरून कितीबी ऊन पडू दे. माळाच्या तुकड्यात हिरीचं पाणी चढत न्हाई, तिथं दगडं येचली तर हरबरा आठ दिसात मान टाकील. तुझ्या आज्यानं सांगितलं हुतं मला."

"मग मला कधी सांगितलं न्हाई तुम्ही?"

"तू कधी इचारलं? तुला वाटायचं आबाला आळस हाय."

मला काय वाटायचं ते आबांना ठाऊक होतं, इतकी वर्षं, आणि ते कधी बोलले नव्हते.

"आता आसं कर," ते म्हणाले. "ज्या बायांचं वावर हाय त्यांला जाऊन सांग. दुसऱ्याच्या वावरात बैल सोडला तर सांगावंच लागतं."

पौर्णिमेच्या संध्याकाळी गावच्या देवळात दिवे लावायला बाराही घरच्या बायका जमल्या होत्या. दीपमाळेच्या पायऱ्यांवर पणत्या ठेवणं चालू होतं. मी लंगडत गेले. रुबिना माझ्याबरोबर आली, देवळाबाहेरच्या पारावर उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "बोल. मी हाय."

मी सांगितलं. वरच्या अर्ध्या भागात पिल्लं मेलेली दिसली तर तो दोष कोपरा बंद ठेवण्याचा नाही, काकींचा नाही, माझा आहे. मी शिंपा वेचल्या.

बायकांची कुजबुज थांबली. पार्वतीबाई पुढं आल्या. ठेंगण्या, भक्कम, कपाळावर मोठं कुंकू.

"वेचून काठार घातलंस? एवढा शिकान?"

"हो."

"रांगेत?"

"हो. बांध घातला."

पार्वतीबाई मागे वळल्या. "आमच्या गोठ्यात पाठवा गो हिका. शेणी बऱ्या रांगेत लावीत."

सगळ्या खो खो हसल्या. काकीसुद्धा. माझेही डोळे भरले आणि त्यातच हसू आलं. मग पार्वतीबाईंनी हातातली एक पणती माझ्यापुढं धरली. "लाव. उद्या काय ता बघूया." पण जाताना त्यांनी काकींना ऐकू जाईल असं म्हटलं, "टोचणी घेवनच येतलंय मी."

मोठी सुकती

सकाळी उजाडताना पाणी एवढं मागे गेलं होतं की खाडी कुणीतरी उचलून नेली असं वाटावं. कधीच न दिसणारे खडक, काळी चिखलवाट, छोटे खेकडे. बायका ओळीनं उतरल्या, साड्या गुडघ्यापर्यंत खोचून, पायात जुने रबरी बूट. पार्वतीबाईंच्या कमरेला टोचणी खरोखरच होती.

आधी वरचा भाग. रुबिनानं आपले दोरे पुन्हा ताणले. मी पहिली शिंप उचलली. तीन पिल्लं, तिन्ही उघडी पडलेली, पांढरी, आत काही नाही. दुसरी शिंप तशीच. तिसरी तशीच. या बांधाच्या वरच्या शिंपा असणार.

चौथ्या शिंपेवर माझं नख अडलं. पिल्लू घट्ट बंद होतं. मी दाबून बघितलं, हललं नाही. जितं कालव आपलं दार मिटून घेतं, मेलेलं उघडं राहतं. पाचव्या शिंपेवर दोन जिती, एक मेलेलं. मग पुढच्या चौकोनात जितीच जास्त. ढिगाच्या पोटातल्या त्या ओल्या शिंपा. रुबिना वहीत रेघा मारत होती आणि तिचा आवाज हळूहळू चढत होता. "जिंदा. जिंदा. मेलं. जिंदा. सवे, हळू सांग की, लिहू तर दे!"

मग आम्ही खालच्या भागात गेलो, जिथं माझे हात पोचलेच नव्हते. तिथं नखाची गरजच पडली नाही. जुन्या शिंपांच्या कडेकडेनं पिल्लं उभी होती, काही डाळीएवढी, काही त्याहून मोठी, एकाला खेटून दुसरं, इतकी की मूळ शिंप दिसेना. पार्वतीबाई वाकल्या. त्यांनी एक शिंप उचलली, उजेडाकडे धरली, वास घेतला. बराच वेळ फिरवून फिरवून बघितली. काकी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

"यशोदे," पार्वतीबाई म्हणाल्या.

"काय?"

"माझ्या लग्नाच्या वरसाक अशी बघितलेली." त्यांनी ती शिंप जिथून उचलली होती तिथंच, तशीच ठेवली. "आणखी एक वरस रवांदे. आणि माझ्या परसातलो ढीग हाडूया खाली. चुन्याच्या गाडयेक नाय देवचो ह्या खेपेक."

काकी वळल्या. "टोचणी कित्याक हाडलंस मग?"

"तुका टोचूक," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि बायका इतक्या मोठ्यानं हसल्या की खडकावरचे बगळे उडाले.

त्या दिवशी पाणी चढेपर्यंत आम्ही परसातल्या शिंपा घमेल्यांनी खाली नेल्या. बारा घरच्या बायका, रुबिना आणि मी. पायाला फडकं बांधलेलं होतं तरी मला कुणी बसू दिलं नाही, याचा मला फार आनंद झाला.

निघताना रुबिनानं वर्गात दाखवायला एक शिंप मागितली. काकींनी तिच्या हातातून ती हळूच काढून घेतली. "थंयच रवांदे." त्याऐवजी आम्हाला उकडे तांदूळ आणि आमसुलं मिळाली. ज्वारीचं पीठ काकींनी ठेवून घेतलं. रुबिनानं त्यांना भाकरी थापायला शिकवली होती. पहिल्या तीन मोडल्या, चौथी फुगली.

माळाचा तुकडा

लातूरला कॉलेज सुरू झाल्यावर मुलांनी पहिल्याच तासाला विचारलं, "मॅडम, समुद्रावरून काय आणलं?" मी रिकामे हात दाखवले. एकजण म्हणाला, "काहीच न्हाई?" मग मी त्यांना काही का आणलं नाही ते सांगितलं. पुस्तकातलं चित्र फळ्यावर काढलं आणि खडकाशेजारी, चित्रात नसलेली, एक जुनी शिंप काढली. माझी चूकही सांगितली. वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "मांजरेत शिंपले कमी झालेत, त्यांच्या पिल्लांना काय लागतं?" मला पूर्ण उत्तर माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. पुढच्या रविवारी आम्ही चौघी-पाचजणी नदीवर जाणार आहोत, आधी बघायला. हात लावण्याचं नंतर ठरवू.

त्यानंतर मी गावी गेले. आबांना म्हटलं, वरच्या माळावर जाऊ. त्यांनी आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं, कारण मी होऊन कधी तिकडे गेले नव्हते. हरभरा वीतभर आला होता. दगडांच्या मधून, दगडांना टेकून. मी बसून एक दगड उलटला. वरून तो तापलेला होता. खालची माती काळी, ओली, आणि तिच्यात पांढरं मूळ दगडाच्या पोटाला लागून पुढं गेलेलं.

तेवढ्यात फोन वाजला. यशोदाकाकी होत्या.

"पाय कसो आसा?"

"बरा हाय, काकी. पिल्लं?"

"नखाएवढी झाली गो. पार्वती रोज जावन बघता. कोणाक हात लावूक देणा नाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि ता पीठ संपला."

मी हसून फोन ठेवला. आबा काठीला टेकून उभे होते.

"काय म्हणती ती बाई?"

"वाढून राहिलेत म्हणं."

आबांनी मान हलवली. मग माझ्या हातातल्या दगडाकडे बघितलं.

"मंग ठिव ते व्हतं तिथं. मूळ उघडं पडलंय."

मी दगड ओल्या बाजूनं खाली केला, त्याची जुनी खूण मातीत शोधली आणि होता तसा ठेवला.